पोटगी तपास अधिकारी (अमेरिका)

पोटगी तपास अधिकारी हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्य किंवा काउंटी पातळीवरील लोकसेवक असतो. आईवडील एकत्र राहत नसलेल्या अपत्याच्या पालनपोषणाचा खर्च त्याच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या पालकाकडून मिळावा, यासाठी हा अधिकारी तपास करतो. त्या पालकाचा ठावठिकाणा, अपत्याशी असलेले त्याचे कायदेशीर नाते आणि त्याची मिळकत हे या तपासाचे तीन मुख्य विषय होत. या पदाचे नाव व अधिकार राज्यागणिक बदलतात.

पार्श्वभूमी

पोटगीचे आदेश देणे व वसुली करणे ही पूर्वी मुख्यतः राज्यांची व न्यायालयांची बाब होती. जानेवारी १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने सामाजिक सुरक्षा कायद्यात 'चार-ड' हा भाग समाविष्ट झाला आणि देशव्यापी पोटगी कार्यक्रम सुरू झाला. निराधार कुटुंबांना दिलेल्या सरकारी साहाय्याची भरपाई जबाबदार पालकाकडून करून घेणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. पुढे सरकारी साहाय्य न घेणाऱ्या कुटुंबांनाही ही सेवा मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. राज्यांच्या पात्र खर्चापैकी ६६ टक्के वाटा संघराज्य सरकार उचलते.

राज्यांतील रचना एकसारखी नाही. टेक्सासमध्ये हे काम राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाकडे आहे. कॅलिफोर्नियात १९९९ च्या कायद्याने ते जिल्हा सरकारी वकिलांकडून काढून स्वतंत्र विभागाकडे सोपवण्यात आले.

कामाचे स्वरूप

आईवडील विवाहित नसल्यास प्रथम पितृत्व निश्चित करावे लागते. पिता स्वेच्छेने कबुलीपत्रावर सही करू शकतो; वाद असल्यास जनुकीय चाचणी केली जाते. बेपत्ता पालकाचा शोध घेण्यासाठी राज्यांच्या नोंदी व संघराज्याची पालकशोध सेवा उपलब्ध असते. १९९६ च्या कायद्यानुसार मालकाला नव्या कर्मचाऱ्याची माहिती सर्वसाधारणपणे २० दिवसांच्या आत राज्याला कळवावी लागते. ती राष्ट्रीय नोंदवहीत जाते, त्यामुळे दुसऱ्या राज्यात नोकरी धरलेल्या पालकाचाही माग लागतो.

त्यानंतर वेतनपत्रके, करविवरणे व बँकखाती तपासून मिळकतीचे चित्र न्यायालयापुढे मांडले जाते. रोखीने मजुरी घेणारे किंवा स्वतःचा व्यवसाय करणारे पालक असल्यास हे काम विशेष कठीण असते. बहुतेक राज्यांत पोटगी यंत्रणेचे वकील आई किंवा वडील यांपैकी कोणाचेही प्रतिनिधित्व करत नाहीत. ते राज्याच्या वतीने उभे राहतात.

वसुलीची साधने

वेतनकपात हे वसुलीचे प्रमुख साधन होय. संघराज्याच्या कायद्यानुसार अशी कपात, परिस्थितीप्रमाणे, वैधानिक वजावटीनंतरच्या वेतनाच्या ५० ते ६५ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. याखेरीज कराचा परतावा वळवणे आणि वाहनचालक व व्यावसायिक परवाने निलंबित करणे हे उपाय योजले जातात. थकबाकी २,५०० डॉलरपेक्षा अधिक झाल्यास पारपत्र नाकारता येते.

असमर्थता आणि टाळाटाळ

पालक पैसे देऊ शकत नाही की देऊ इच्छित नाही, हा या तपासातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. एका बाजूस मुलाचे अन्न, वस्त्र व शिक्षण असते, तर दुसऱ्या बाजूस पालकाची उपजीविका, आणि प्रसंगी त्याचे स्वातंत्र्यही. आदेश मोडल्याबद्दल न्यायालयाच्या अवमानाखाली कारावास होऊ शकतो. मात्र परवाना गेलेल्या चालकाचे किंवा कैदेतील मजुराचे उत्पन्नच थांबते आणि मुलाला मिळणारी रक्कमही आटते.

१९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे देय झालेली थकबाकी पूर्वलक्षी प्रभावाने कमी करता येत नाही. त्यामुळे नोकरी गेलेल्या पालकाने आदेशात बदल व्हावा म्हणून त्वरित अर्ज न केल्यास थकबाकी वाढतच राहते. 'टर्नर विरुद्ध रॉजर्स' (२०११) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, दिवाणी अवमानात प्रत्येक वेळी सरकारी खर्चाने वकील देणे बंधनकारक नाही. परंतु विरुद्ध पक्षालाही वकील नसताना पालकाची देण्याची क्षमता तपासणारी न्याय्य कार्यपद्धती आवश्यक आहे. २०१६ च्या नियमांनी आदेश प्रत्यक्ष उत्पन्न व क्षमतेवर आधारलेले असावेत यावर भर दिला आणि कारावासाला 'स्वेच्छेची बेरोजगारी' मानण्यास मनाई केली. त्यामुळे अधिकाऱ्याने गोळा केलेली मिळकतीची माहिती मुलाच्या हक्काइतकीच गरीब पालकाच्या बचावासाठीही महत्त्वाची ठरते.

भारतातील स्थिती

भारतात या स्वरूपाची देशव्यापी तपासयंत्रणा नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ नुसार मिळणारा निर्वाहखर्च १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागता येतो. प्रतिवादीच्या मिळकतीचा पुरावा जमवण्याचा भार बव्हंशी अर्जदारावरच, म्हणजे पुष्कळदा मुलाच्या आईवर, पडतो. 'रजनेश विरुद्ध नेहा' (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करण्याचे निर्देश दिले.