दगड, चिमटा आणि सुई

जव्हार आणि मोखाडा ही नावे निघाली म्हणजे शहरातील मंडळींना तेथील मुसळधार पाऊस, वारली चित्रे आणि मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आठवतो. मला आधी आठवतो तो डांगी बैल. पांढऱ्या अंगावर काळे वा तांबडे ठिपके, काळे टणक खूर आणि भर पावसातही टिकाव धरणारी तेलकट कातडी, असे हे जनावर आहे. डोंगरउतारावरील खाचरांत चिखलणी करावी ती त्यानेच. जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला. परंतु या बैलाच्या मानेवरचे जू काही उतरले नाही.

खोंडाचा बैल होतो कसा, ही गोष्ट आपण घरात सहसा बोलत नाही. आज ती बोलावयाची आहे.

जुन्या रीतीला खेड्यात ‘बडवणे’ म्हणतात, आणि त्या नावातच सारे आले. खोंडाला दोर बांधून आडवा पाडावयाचा, चारी पाय आवळावयाचे, आणि अंडाकडे जाणारी नस लाकडावर धरून दगडाने किंवा मोगरीने ठेचावयाची. लहानपणी दोर धरणाऱ्यांत मीही एकदा होतो. खोंड एकदाच हंबरला आणि मग डोळे फिरवून गप्प पडला. “बघ, सोसलं त्यानं,” असे कोणी म्हणाले, आणि मला ते खरे वाटले.

ते खरे नव्हते. गाय-बैल ही मुळात वाघाच्या तोंडची जात. कळपात जे लंगडेल किंवा कण्हेल, त्याच्यावर वाघाची नजर आधी जाते; म्हणून दुखणे लपविणे हा त्यांचा उपजत स्वभाव बनला आहे. याच मुलखात वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते आणि गुरे सुखरूप राहोत असे मागणे मागितले जाते. गुराख्याला वाघाचे भय ठाऊक असते; त्याच भयाने बैलाला मुके केले आहे, हे मात्र ध्यानी येत नाही. बैलाची वेदना पाहावयाची तर थांबलेला रवंथ, खाली गेलेली मान आणि पुनःपुन्हा होणारी ऊठबस यांत पाहावी लागते.

माणसाच्या वेदनेवर उपाय आधी सापडला. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली. पुढल्याच वर्षी एडिंबरो येथे सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरले. मुंबईतही मुक्या प्राण्यांविषयी आस्था लवकर जागी झाली. परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक विद्यालय निघाले. १८९० साली प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारा कायदा झाला.

परंतु शेतावर बैलाला पुरते बेशुद्ध करणे धोक्याचे असते. आडव्या पडलेल्या जनावराचे पोट वायूने फुगते, आणि पोटातील चारा घशाशी येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती राहते. येथे उपयोगी पडावयाची ती जागेपुरती बधिरता. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. १९०५ मध्ये प्रोकेन आले, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले.

याच सुमारास खेड्यांत आणखी एक वस्तू रूढ होत गेली. ती म्हणजे इटलीतील पशुवैद्य बुर्डिझ्झो यांचा चिमटा. त्याच्या बोथट जबड्यात कातडीसकट नस दाबली की आतली नस चिरडते, कातडी मात्र शाबूत राहते. जखम नाही, म्हणून माशा बसत नाहीत, किडे पडत नाहीत. दमट रानातील गुरांना हा केवढा लाभ! तथापि त्याबरोबर एक गैरसमजही आला. रक्त दिसले नाही, म्हणजे दुखलेही नसेल, असे लोक मानू लागले. वास्तविक नस चिरडण्याची कळ दगडाने असो वा चिमट्याने, कळच होय. आणि ती पुढेही बराच काळ उरते.

१९६० च्या कायद्याने खच्चीकरण, शिंगे काढणे, डाग देणे आणि वेसण घालणे ही कामे विहित रीतीने केल्यास गुन्ह्यातून वगळली. ती रीत ठरविणारे नियम मात्र २०२३ साली आले. नोंदणीकृत पशुवैद्य आणि बधिरतेचे औषध यांचा त्यांत आग्रह आहे.

ही रीत अवघड नाही. चिमटा लावण्यापूर्वी नसेभोवती लिग्नोकेनची सुई द्यावयाची आणि काही मिनिटे थांबावयाचे. शिंगाचे काम असेल तर डोळा आणि शिंगाचे मूळ यांमधील नस बधिर करावयाची. परंतु या औषधाचा अंमल एक-दोन तासांत ओसरतो; म्हणून मागाहून टिकणारे वेदनाशामकही द्यावे लागते. तेही जपून निवडावे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक ठरले आहे.

श्रोतेहो, दगड गेला, चिमटा आला, ही सुधारणा खरीच. पण ती निम्मी होय. उरलेली निम्मी सुईत आणि त्या काही मिनिटांच्या थांबण्यात आहे. दोर धरणाऱ्या त्या मुलाला कोणी तेव्हा सांगितले असते की गप्प पडणे म्हणजे सोसणे नव्हे, तर त्याने निदान विचारले तरी असते, “याला आधी औषध दिले काय?” हा प्रश्न आज कोणालाही विचारता येईल.