कडू बदाम आणि तांब्याची टोकने

सुट्टे नाहीत म्हणून दुकानदाराने हातावर चॉकलेट ठेवल्याचे अनेकांना आठवत असेल. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हीच अडचण होती. राजाची टांकसाळ तांब्याची लहान नाणी पाडीत नसे. म्हणून १६४८ ते १६७२ या काळात वाणी, पाववाले, खाणावळवाले यांनी स्वतःच टोकने काढली. त्यांवर मालकाचे नाव, गाव आणि धंद्याची खूण असे. १६७२ मध्ये तांब्याची सरकारी नाणी आली आणि टोकने मागे पडली.

इंग्रज व्यापारी तेव्हा आपल्याकडेही होते. १६७४ मध्ये त्यांची वखार जळगावजवळच्या धरणगावला होती. सुरत-बऱ्हाणपूर हमरस्ता खानदेशातूनच जाई. गुजरातेत पैशाहून लहान देणे इराणी कडू बदामांनी भागवीत, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो. बदाम कडू, म्हणून मुले खात नसत! मात्र पीक कमी-जास्त झाले की पैशाला मिळणारे बदामही कमी-जास्त होत.

बदामाचा भाव पिकावर ठरे, टोकनाचा दुकानदाराच्या शब्दावर. जिथे त्याला कोणी ओळखत नसे, तिथे ते नुसता धातूचा तुकडा. आज संग्राहक त्याची किंमत करतात ती दुर्मिळता आणि अक्षरांची स्पष्टता पाहून. अक्षरे गेली की इतिहासच गेला.

म्हणून एखाद्या विद्यार्थ्याच्या देव्हाऱ्यात जुनी शिवराई असेल, तर ती चिंचेने घासू नका असे त्याला आवर्जून सांगा. चिंचेतील आम्ल वरचा थर काढते, घासण्याने अक्षरे झिजतात. वजन करा, व्यास मोजा. पण नाणे कोणत्या गावी मिळाले, ते आधी लिहून ठेवा.