वेग, पुरावा आणि दंड

नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता पांढरकवडा मागे टाकून पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. पूर्वी सातव्या क्रमांकाने ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आज ४४ व्या क्रमांकाचा, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी या दीर्घ मार्गाचा भाग आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात गेले, तर नांदेडकडील मुधोळ आणि भैंसा हा भाग आंध्र प्रदेशाच्या वाट्यास आला. सीमा आखली गेली तरी नदीच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलणारी माणसे राहिलीच. आदिलाबादच्या वाहनांवरची अक्षरे मात्र बदलत गेली: प्रथम एपी-०१, २०१४ नंतर टीएस-०१ आणि मार्च २०२४ पासून नव्या वाहनांवर टीजी-०१. अक्षरे बदलली, राज्ये बदलली. तरुण हातांत आलेल्या वाहनाचा वेग मात्र दोन्ही तीरांवर सारखाच राहिला.

या रस्त्यावर वेगाबद्दल पहिले चलान हाती पडले, की तरुणाच्या तोंडी बहुधा एकच उद्गार येतो: पोलिसाला वाटले म्हणून त्याने धरले! या उद्गारात जितका राग असतो, तितकेच अज्ञानही असते. कारण केवळ कोणाला तरी वाटले म्हणून वेगाचा गुन्हा शाबीत होऊ नये, यासाठीच कायद्याने शंभराहून अधिक वर्षे खटपट केली आहे.

वेगाच्या दंडाची एक आरंभीची कथा इंग्लंडातील केंट परगण्यात घडली. त्या काळच्या कायद्याने गावातून जाणाऱ्या यांत्रिक गाडीस ताशी दोन मैलांची मर्यादा घातली होती. २८ जानेवारी १८९६ रोजी वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ पॅडक वुड गावातून ताशी आठ मैलांच्या सुमाराने मोटार घेऊन गेला. शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यास गाठले. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग. आज ही हकीकत ऐकून हसू येते. पण आठ मैल हा आकडा ठरविला कोणी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पाठलाग करणाऱ्या शिपायाचा अंदाज हा पुरावा मानावा काय?

१९०३ च्या ब्रिटिश मोटार कायद्याने त्याचे उत्तर दिले. त्याने मर्यादा ताशी वीस मैलांवर नेली, मोटार चालविणाऱ्यास परवाना आवश्यक केला आणि त्यासाठी किमान वय सतरा ठरविले. त्याचबरोबर, वेगासंबंधी एकाच साक्षीदाराच्या केवळ मतावरून कोणासही या गुन्ह्याबद्दल दोषी ठरवू नये, असेही त्यात नमूद केले. मग पोलीस मोजलेल्या अंतरावर हाती घड्याळ घेऊन उभे राहू लागले. कायद्याने चालकास जसा लगाम घातला, तसाच तो पोलिसांच्या तर्कासही घातला.

हिंदुस्थानात मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला आणि १९३९ साली त्याची जागा अधिक विस्तृत अधिनियमाने घेतली. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश मुलखाचे कायदे तेथे आपोआप चालत नसत. मात्र मोटार त्या राज्यातही पोहोचली होती. १९३२ साली निजाम राज्य रेल्वेने २७ गाड्यांनिशी आपली बससेवा सुरू केली होती. पुढे संस्थाने विलीन झाली आणि देशाला एकच वाहनकायदा मिळाला. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १८३ वे कलम आज वेगाच्या गुन्ह्यास लागू आहे, आणि १९०३ चे ते जुने तत्त्व त्यात जिवंत आहे: एका साक्षीदाराचे मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेले नसेल, तर तेवढ्यावर शिक्षा होत नाही.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिची जाणीव फार थोड्यांना असते. नोकरास बेकायदा वेगाने गाडी हाकण्यास लावणारा मालकही शिक्षेस पात्र ठरतो. मर्यादा मोडल्याशिवाय गाठताच येणार नाही असे वेळापत्रक कोणी ठरवून दिले, तर ते वेळापत्रकच त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा होते. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. हंगामात मालमोटारींची घाई चालते आणि चाकामागे पुष्कळदा विशी-बाविशीचा पोर असतो. गाडी कोणी पळविली, एवढे विचारून कायदा थांबत नाही. ती पळवावयास कोणी लावली, हेही तो विचारतो.

वेगाचा एवढा धाक कशासाठी, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ताशी १०० ने जाणारी सुमारे २८ मीटर. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ते अंतर चौपट. बैलगाडी आडवी येते तेव्हा तरुणाची नजर तीक्ष्ण आहे की मंद, याने या हिशेबात फारसा फरक पडत नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील शेकडा ७१ हून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदराखाली आहे.

आता शिपायाच्या सायकलीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. २०२१ साली केंद्राने यासाठी जे नियम केले, त्यांत कॅमेऱ्याच्या टापूआधी सूचनाफलक लावावा, यंत्र प्रमाणित असावे आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवावी, अशी बंधने शासनावरही घातली. तेव्हा चलान आलेल्या तरुणाने प्रथम ते शांतपणे वाचावे. वाहनाचा क्रमांक, छायाचित्र, ठिकाण, वेळ आणि नोंदलेला वेग पडताळून पाहावा. चूक दिसल्यास पोलिसांकडे रीतसर हरकत घ्यावी. गरज पडल्यास न्यायालय आहेच. नोंद खरी असल्यास अधिकृत मार्गानेच दंड भरावा आणि पावती जपून ठेवावी. वशिला शोधणे आणि चौकात हुज्जत घालणे, हे दोन्ही मार्ग त्याच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाहीत.

अवघड प्रसंग येतो तो घरात. गाडी पुष्कळदा वडिलांच्या नावावर असते आणि संदेशही त्यांच्याच दूरध्वनीवर येतो. अधिनियमाच्या १३३ व्या कलमाप्रमाणे पोलिसांनी विचारल्यास, गाडी कोण चालवीत होते हे सांगण्याचे बंधन मालकावर आहे. प्रेमापोटी वडील गुपचूप पैसे भरून टाकतात आणि मुलगा दंडाला रस्त्याची पट्टी समजू लागतो. तेलंगणात २०२२ साली, आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस, थकलेल्या चलानांवर मोठी सूट देण्यात आली. वसुलीस त्याचा उपयोग झाला असेल. पण सवलतीची वाट पाहत बसलेल्या मनावर दंडाचा संस्कार कसा व्हावा?

मुलगा अज्ञान असेल तर प्रश्न याहून गंभीर होतो. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या १९९ अ या कलमात, अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. मुलास तर पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती, असा आरोप आहे. त्यास जामीन देताना घातलेल्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, हे कळताच लोकक्षोभ उसळला. गेलेल्या दोन जीवांपुढे निबंधाचे वजन ते काय, हा लोकांचा प्रश्न रास्त होता.

त्या मानाने पहिले चलान ही केवढी स्वस्त शिकवणी! कोणाचेही रक्त सांडण्यापूर्वी, मोजून-मापून, छायाचित्रासह ती घरी येते. मुलाने ती लपवू नये आणि वडिलांनी ती परस्पर मिटवू नये. गाडी मीच चालवीत होतो, हे वाक्य ज्याला एका चलानाच्या वेळी स्वच्छपणे उच्चारता आले, त्याच्या हाती गाडीची किल्ली पुन्हा देण्यास कोणत्याही बापाला संकोच वाटू नये.