कॅमेऱ्याचा पासंग

तराजूचीं दोन्ही पारडीं रिकामीं असतांना दांडी एका अंगास झुकली, तर वाणी हलक्या पारड्यास एखादा खडा बांधून ती सरळ करितो. या खड्यास पासंग म्हणतात. आकाशांत उडणाऱ्या कॅमेऱ्यासहि असाच पासंग लागतो, हें ऐकून प्रथम नवल वाटेल. परंतु आकाशांतून चित्र घेण्याच्या विद्येचा इतिहास हा बव्हंशीं तोलाचाच इतिहास आहे.

हलत्या आधारावर वस्तु स्थिर राखण्याची युक्ति फार जुनी. एकींत एक बसविलेल्या कड्या, प्रत्येक कडी आपल्या आंसाभोवतीं फिरणारी, आणि मध्यभागीं ती वस्तु, अशी तिची रचना. इ. स. १८० च्या सुमारास चीन देशांत डिंग हुआन यानें अंथरुणांत ठेवण्याजोगी धूपदाणी या रीतीनें केली. ती कशीहि कलंडली तरी आंतील निखारे सांडत नसत. सोळाव्या शतकांत इटलींतील कार्दानो यानें या रचनेचें वर्णन केलें, आणि कल्पना मूळ त्याची नसतांहि युरोपांत तिला त्याचें नांव चिकटलें. जहाजावरचें होकायंत्रहि अशाच कड्यांत टांगीत. या सर्वांत वजन आंसाच्या खालीं असे, म्हणून वस्तु आपोआप सरळ राही. पण खालीं लोंबणारें वजन झोके घेतें, आणि झोका हा तर कॅमेऱ्याचा शत्रु!

पॅरिसजवळ नादार यानें १८५८ मध्यें फुग्यांतून पहिलें आकाशचित्र घेतलें. १८८८ मध्यें फ्रान्समधीलच आर्त्यूर बात्यू यानें पतंगास कॅमेरा बांधला. या परंपरेंतील सर्वांत धाडसी प्रयोग शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्सचा. १८ एप्रिल १९०६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानें हादरलें आणि मागाहून लागलेल्या आगींत जळालें. थोड्याच आठवड्यांनीं लॉरेन्सनें पतंगांची माळ उडवून, सुमारें २,००० फुटांवरून त्या उद्ध्वस्त नगरीचें विशाल चित्र घेतलें. कॅमेरा जवळजवळ ४९ पौंडांचा होता. तो डोलूं नये म्हणून बाजूंस बांबूच्या दांड्या काढून, त्यांच्या टोकांच्या दोऱ्या खालीं एका वजनास बांधल्या होत्या. चित्र एकच घ्यावयाचें असल्यामुळें तेवढ्यानें भागलें.

पुढें पहिल्या महायुद्धांत, १९१४ ते १९१८ या काळांत, विमानांतून टेहळणीचीं चित्रें घेतां घेतां भिंगापुढें पिवळी कांच आली. धुरकट हवेंत विखुरलेला निळसर प्रकाश ती अडवी आणि खालचे खंदक स्पष्ट दिसत. त्या अवजड यंत्रांपुढें कांचेचें वजन नगण्यच होतें.

तें मोजण्याची पाळी एका शतकानंतर आली. २०१४ मधील ‘फँटम २ व्हिजन प्लस’ या लहान ड्रोनवर कॅमेरा तीन आंसांच्या गिंबलवर बसविलेला होता. येथें लोंबतें वजन नाहीं. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य आंसांवरच ठेवावयाचा आणि उरलेला डळमळाट, संवेदकांच्या सूचनेबरहुकूम, चिमुकल्या विद्युत् मोटारींनीं क्षणोक्षणीं परतवावयाचा, अशी ही योजना.

अशा कॅमेऱ्यापुढें काळसर कांच कां लावितात? चलच्चित्रांत सेकंदास २५ चित्रें घेतलीं, तर गति स्वाभाविक दिसण्यासाठीं प्रत्येक चित्रास १/५० सेकंद प्रकाश देण्याचा प्रघात आहे. लहान कॅमेऱ्यांत प्रकाशाचें द्वार पुष्कळदां एफ २.८ एवढें कायम असतें. संवेदनक्षमता १०० ठेवली तरी भर उन्हांत १/३२०० सेकंदच पुरतो. म्हणून प्रकाश ६४ पटींनीं कमी करणारी कांच हवी.

ती कांच, कडीसह, समजा २ ग्रॅमची आहे आणि आंसापासून ३० मिलिमीटर पुढें बसते. तिचा भार झाला ६०. तो फेडण्यास आंसामागें १० मिलिमीटरवर ६ ग्रॅमचा पासंग हवा. किंवा ६० ग्रॅमचा कॅमेरा सुमारें १ मिलिमीटर मागें सारावा लागेल. लहान ड्रोनवर कॅमेरा सरकविण्याची सोय बहुधा नसते. तेव्हां पासंग किंवा मुळांतच हलकी कांच, हेच दोन मार्ग उरतात. नाकापेक्षां मोतीं जड झालें, तर दोष मोटारी कांहीं काळ झांकून ठेवितात. पण त्या अखंड ताणाखालीं राहतात, तापतात, आणि वाऱ्याचा झोत येतांच चित्र थरथरतें. म्हणून जेथें तोल हातानें साधतां येतो तेथें वीज बंद ठेवून कॅमेरा हळूच कलता करावा. सोडल्यावर तो तेथेंच राहिला, तर तोल साधला. तोंड खालीं गेलें, तर पुढचा भार अधिक. कांचहि वीज सुरू करण्यापूर्वींच लावावी. कारण सुरू होतांच गिंबल आपली हालचाल तपासून घेतो. मात्र कांचेवर आदळणारा वारा कोणताहि पासंग अडवूं शकत नाहीं, हेंहि ध्यानीं ठेवावें.

लॉरेन्सला वजन दिसत होतें, म्हणून त्यानें त्याची तजवीज केली. आजचें यंत्र वजनाचा दोष पोटांत घालतें, आणि ऐन वेळीं तो उघडा पडतो. पण जळालेली नगरी किंवा महापुराचें पाणी दुसऱ्या दिवशीं तसेंच उरत नाहीं. हुकलेलें चित्र कायमचेंच हुकतें. खडा लहान असला तरी तो दुकान उघडण्यापूर्वींच बांधावा लागतो.