कलकत्त्याला न गेलेला संघ

मार्च १९२८. ऑलिम्पिकला निघालेला हिंदुस्थानचा पहिला हॉकी संघ मुंबईत येऊन थांबला होता. ‘कैसर-इ-हिंद’ बोट १० मार्चला सुटायची होती. मधल्या वेळात सराव म्हणून मुंबईच्या संघाशी एक सामना ठेवला गेला. पाहुण्यांत ध्यानचंद होते, फिरोझ खान होते, गोलात रिचर्ड ॲलन होता. सामना मुंबईने ३-२ असा जिंकला.

ध्यानचंदांनी ‘गोल’ या आत्मचरित्रात हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय. संघाला निरोप द्यायला बंदरावर मोजून तीन माणसं आली होती, हेही त्यांनीच लिहिलंय. कोण येणार? नुकत्याच शहरातल्या पोरांकडून हरलेल्या संघाला हार घालायला मुंबईकर जातील, असं मलाही वाटत नाही.

पुढचं आपल्याला माहीत आहे. ॲमस्टरडॅमला पाच सामने, २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. २६ मेच्या अंतिम सामन्यात यजमान हॉलंडला ३-० असं हरवून सुवर्णपदक. परतल्यावर त्याच बंदरावर मुंबईकरांची ही गर्दी!

मला या गोष्टीत विजयापेक्षा तो ३-२ जास्त छळतो. ज्या संघाला ऑलिम्पिकमध्ये कुणी गोल करू शकलं नाही, त्याला मुंबईने तीन केले. आणि त्या संघात मुंबईचा एकही खेळाडू नव्हता.

लगेच सावध होतो. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये, एवढं इंजिनिअरिंगने शिकवलंय. पाहुणा संघ नुकताच जमला होता, मैदान मुंबईचं होतं, आणि बोटीत चढायच्या आधी कुणीही पाय जपूनच खेळतं. मुंबईचे अकरा जण पाठवले असते तर तेही जिंकले असते, असं मी म्हणत नाही. पण त्यांतला एकही निवडण्यालायक नव्हता, हे पटायला जड जातं. मग निवड झाली कशी?

भारतीय हॉकी महासंघ १९२५ साली ग्वाल्हेरला स्थापन झाला, म्हणजे अवघा तीन वर्षांचा होता. एवढ्या मोठ्या देशात कोण कसं खेळतं हे एकाही माणसाला माहीत असणं शक्य नव्हतं. म्हणून १९२८च्या सुरुवातीला कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा भरवली आणि तिच्यातून संघ निवडायचं ठरलं. संयुक्त प्रांत, बंगाल, पंजाब, राजपुताना आणि मध्य प्रांत असे पाच संघ आले. मुंबई आली नाही, मद्रासही नाही. संयुक्त प्रांताने स्पर्धा जिंकली, आणि संघ बनला तो या पाच प्रांतांतल्या खेळाडूंचा. इंग्लंडमध्ये शिकणारे जयपालसिंग वगैरे तिकडे जाऊन मिळाले. त्या काळात याहून बरी पद्धत मला तरी सुचत नाही. निवडणाऱ्यांनी डोळ्यांसमोर आलेल्यांतून चोख निवड केली. डोळ्यांसमोर कोण आलं, हा प्रश्न त्यांच्या हातातला नव्हता.

खुद्द ध्यानचंदही थोडक्यात चुकले असते. ते लष्करात शिपाई होते आणि लष्कराचा वेगळा संघ स्पर्धेत नव्हता. संयुक्त प्रांताकडून खेळायची परवानगी मिळाली म्हणून ते कलकत्त्याला दिसले. कुणा साहेबाने रजा नाकारली असती तर? १९३२मध्ये नेमकं तेच झालं. पलटणीने त्यांना आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी सोडलं नाही. पण तोवर ते ‘ध्यानचंद’ झालेले असल्यामुळे स्पर्धा न खेळताच त्यांची निवड झाली. १९३६मध्ये बर्लिनला पोचल्यावर सरावात जर्मनांकडून ४-१ मार बसला, तेव्हा मायदेशी तार ठोकून अली दाराला बोलावून घेतलं. तो विमानाने आला आणि उपांत्य सामन्यापासून खेळला. एकदा नाव झालं की दार ठोठवावं लागत नाही, तारच येते. पहिल्यांदा नाव कुठे आणि कुणासमोर होतं, एवढाच काय तो प्रश्न.

मी हे वांद्र्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून लिहितोय. खाली दहा मिनिटांवर हिल रोड, आणि हिल रोडवर सेंट स्टॅनिस्लॉस शाळा. १८६३पासूनची. वांद्रं म्हटलं की आता लोकांना नटांचे बंगले आणि कॉफीची दुकानं आठवतात. पण रणवार, चिंबई, पाली ही मुळात गावं. तिथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात मराठीच बोलतात, जरा वेगळ्या वळणाची. त्यांच्या शेजारी गोव्याहून, मंगळूरहून आलेली कुटुंबं वसली. मिशनच्या शाळा, शाळेचं मैदान, मैदानावर हॉकी. तिथून पुढे रस्ता आखलेला होता. बीबी अँड सीआय रेल्वे, कस्टम्स, टाटा यांचे संघ होते, गोवेकरांचा लुसिटानियन्स क्लब होता. चर्चगेटच्या मैदानावर आगाखान स्पर्धा, १८९६पासूनची. स्टिक चांगली चालली तर नोकरी लागायची, आणि नोकरी लागली की खेळ चालू राहायचा. वांद्र्याची लोकल पकडून चर्चगेटला उतरलं की निवड करणाऱ्यांच्या समोरच.

फक्त देशाची निवड करणारे तिथे बसलेले असायला हवे होते. १९२८ला ते कलकत्त्यात होते.

वीस वर्षांनी ते मुंबईत आले. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा नवल टाटा होते आणि १९४८च्या लंडन ऑलिम्पिकसाठीचं शिबिर मुंबईत भरलं. संघाची यादी बघा: लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज. सगळे मुंबईचे. कर्णधार किशनलाल जन्माने महूचे, पण खेळायचे मुंबईच्या बीबी अँड सीआय रेल्वेकडून. १२ ऑगस्टला वेम्बलीवर इंग्रजांना त्यांच्याच घरात ४-० असं हरवलं, तेव्हा गोलात वांद्र्याचे लिओ पिंटो उभे होते.

पिंटोंचा जन्म १९१४चा. म्हणजे वेम्बलीवर ते चौतिशीचे होते. १९४० आणि १९४४ची ऑलिम्पिक्स युद्धाने खाल्ली. गोलरक्षकाचं वय उशिरापर्यंत टिकतं, म्हणून ते तरले. त्यांच्याच वयाचे फॉरवर्ड्स, ज्यांचे पाय सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी सर्वांत वेगवान होते, त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्यांना कुणी डावललं नव्हतं. निवडच झाली नव्हती.

आणि आता गंमत बघा. खिडकी मुंबईत उघडल्यावर कोण दिसेनासं झालं? बलबीरसिंग! नुकत्याच फाळणीने चिरलेल्या पंजाबातला हा पोलीस खात्यातला खेळाडू. शिबिराच्या पहिल्या यादीत त्याचं नावच नव्हतं. १९३२च्या संघातल्या डिकी कार यांनी ‘हा कुठे आहे?’ म्हणून आवाज उठवला, तेव्हा बोलावणं गेलं. लंडनमध्ये पहिल्या सामन्यात बाहेर. अर्जेंटिनाविरुद्ध संधी मिळाली, तर एकट्याने सहा गोल मारले. तरी नंतर पुन्हा बाहेर! लंडनमधले भारतीय विद्यार्थी उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्याकडे तक्रार घेऊन गेले. अंतिम सामन्यात तो खेळला, आणि चारांतले पहिले दोन गोल त्याचे.

मुंबईकर म्हणून मला १९२८चा राग येतो, तेव्हा मी १९४८ आठवतो. आपल्या दारात खिडकी होती तेव्हा आपल्यालाही लांबचं दिसलं नाही.

त्या संघात लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेनही होते. दोघांनी भारतासाठी सुवर्ण जिंकलं, आणि पुढे १९५६च्या मेलबर्नला दोघंही पाकिस्तानकडून खेळून रौप्य घेऊन गेले. गोवा तर तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. तिथली कुटुंबं मुंबईला आली की भारताकडून, कराचीला गेली की पाकिस्तानकडून. पूर्व आफ्रिकेला गेली, तर साठच्या दशकातला केनियाचा हॉकी संघ बघा, मेंडोन्सा आणि फर्नांडिसांनी भरलेला. राष्ट्रीय संघ निवडायला समिती बसते त्याच्या आधी एक पिढी कुठल्या तरी बोटीत चढलेली असते.

थोडं विषयांतर. माझा स्वतःचा खेळ हॉकी नव्हे, बास्केटबॉल. पाच फूट आठ इंच उंचीवर त्या खेळात राष्ट्रीय संघाचं स्वप्न फार दिवस टिकत नाही, हे बरंच. निदान तिथे नकाराचं कारण टेपने मोजता येतं. पण तिथेही मुंबईची गोष्ट तीच. शहराचं बास्केटबॉल म्हणजे नागपाडा. दाटीवाटीच्या वस्तीतलं सिमेंटचं कोर्ट. तिथून गुलाम अब्बास मुंतसिर आले, रेल्वेकडून खेळले, १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळवला, भारताचे कर्णधार झाले. १९७५च्या बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला होता, आजवरचं सर्वोत्तम. ऑलिम्पिकचं दार मात्र १९८०ला मॉस्कोत उघडलं, ते इतरांनी बहिष्कार टाकल्यामुळे. भारत एकदाच ऑलिम्पिक बास्केटबॉल खेळला आणि सगळे सामने हरला. अब्बासांची पिढी तोवर संपली होती. त्याच मॉस्कोत हॉकीचं सुवर्ण मिळालं, संघात मुंबईचे सोमय्या आणि मर्विन फर्नांडिस होते. तेही बहिष्काराच्याच कृपेने सोपं झालेलं सुवर्ण, हे आपण फारसं बोलून दाखवत नाही.

स्टॅनिस्लॉसचा विरेन रस्किन्हा २००४ला अथेन्सला खेळला. २००८मध्ये, ऐन सत्ताविशीत, खेळ सोडून तो एमबीए करायला गेला. आज ‘ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट’ चालवतो, म्हणजे कुठल्या खेळाडूला पाठबळ द्यायचं ते ठरवणाऱ्यांत बसतो. त्याच्यानंतरचे वाल्मिकी बंधू. चर्चगेट-मरीन लाइन्सच्या बाजूच्या झोपडीत वाढले, घरात वीज नव्हती. हॉकीचं मैदान जवळ, आणि मर्झबान पटेल नावाचे एक प्रशिक्षक, जे हाताला स्टिक नसलेल्या पोरांना स्टिक देत फिरायचे. (त्यांना २०१९चा द्रोणाचार्य मिळाला.) युवराज वाल्मिकीने २०११ला चीनमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम फेरीत निर्णायक पेनल्टी मारली. धाकटा देविंदर २०१६ला रिओला गेला.

आणि मग? टोकियो आणि पॅरिसला कांस्यपदक आणणाऱ्या पुरुष संघांत मुंबईचा एकही नाही. पुन्हा १९२८.

वांद्र्यातले म्हातारे म्हणतात, आताची पोरं मऊ झाली. मला ते पटत नाही. १९७६च्या माँट्रिअलपासून ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम गवतावर गेली. मातीच्या मैदानावर शाळकरी पोरगं कितीही छान खेळलं, तरी दहा-बाराव्या वर्षापासून टर्फवर न वाढलेला मुलगा पुढे मागे पडतो. टर्फ महाग, पाणी खाणारं, आणि मुंबईत एवढी मोकळी जागा म्हणजे बिल्डरच्या डोळ्यात भरणारा भूखंड. निवडीचा रस्ता आता क्रीडा वसतिगृहांतून आणि अकादम्यांतून जातो, ओडिशातल्या सुंदरगढमधून, पंजाबातून, आणि बंगळुरूच्या शिबिरात पोचतो. वांद्र्याची आई मुलाला दहाव्या वर्षी वसतिगृहात पाठवणार नाही. तिच्याकडे दुसरे रस्ते आहेत. सुंदरगढच्या आईकडे ते नाहीत. तिथल्या मुलांना खिडकी मिळाली याचं मला वाईट का वाटावं? कित्येक वर्षं त्यांना कुणी बघितलं नव्हतं.

हे सगळं वाचायला लागलो त्याचं कारण हॉकी नव्हतं. गेल्या वर्षीपासून ऑफिसात मी नवी भरती करणाऱ्यांत बसतो. एका जागेसाठी शेकड्याने अर्ज येतात, म्हणून आम्ही आधी कॉलेजच्या नावांची गाळणी लावतो. गाळणी मीच लिहिली, वीस ओळींची. छान चालते. निवडलेली मुलं खरोखर हुशार निघतात, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. ॲमस्टरडॅमलाही कुणाची नव्हती. एका रात्री कुतूहलाने मी स्वतःचा, पदवीच्या वर्षातला अर्ज तिच्यातून टाकून बघितला. माझं कॉलेज यादीत नाही. ते मला आधीपासून माहीत होतं, यादी मीच टाइप केली होती.

मला नोकरी लागली ती एका सीनिअरने माझा अर्ज हाताने पुढे सरकवला म्हणून. आमचा डिकी कार.

गाळणीत आता एक ओळ वाढवलीय. नाकारलेल्यांतले दहा अर्ज दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बाहेर येतात आणि मी ते पूर्ण वाचतो. टीममध्ये याला ‘मुंबई मॅच’ म्हणतात, का ते फक्त मला माहीत आहे. पहिल्या तीन आठवड्यांत काही हाती लागलं नाही. चौथ्यात एक मुलगी सापडली, तिची मुलाखत परवा आहे.