गोबरगॅस आणि सार्वजनिक द्रव्य

सूर्य, वारा, समुद्राच्या लाटा आणि शेण यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या यंत्रांसाठी द्रव्य कोणी दिले व नेमके कशासाठी दिले, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात गोबरगॅसच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे. शोधासाठी दिलेले द्रव्य आणि लागलेल्या शोधाच्या प्रसारासाठी दिलेले द्रव्य या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद पुसला गेला म्हणजे शोध खुंटतो, असे या इतिहासावरून दिसते.

आपल्याकडील पहिली नोंद मुंबईची आहे. तेथील कुष्ठधामात १८५९ साली मैल्यापासून ज्वलनशील वायू मिळविण्यात आला, असे विधान अनेक ग्रंथांत आढळते. परंतु माटुंग्याचे कुष्ठधाम निघाले ते १८९० साली, म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने. शाळिग्रामांच्या साहाय्याने पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे अॅक्वर्थ ते हेच. तेव्हा १८५९ हा सन या संस्थेस लागू पडत नाही. १८९७ हाच ग्राह्य धरला पाहिजे. त्या वेळी मैल्याच्या टाक्यांतील वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविण्यात आले. येथे खर्च झाला तो मैल्याच्या विल्हेवाटीसाठी. वायू हा केवळ आनुषंगिक लाभ होता.

खऱ्या अर्थाने संशोधनासाठी द्रव्य मिळाले ते दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत. १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी तेथे शेणापासून वायू मिळविण्याचे प्रयोग केले. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपीचे संयंत्र सिद्ध केले. शेण व पाणी समभाग कालवून विहिरीसारख्या टाकीत सोडावयाचे. वायू साठला की टोपी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर लवकरच हा नमुना स्वीकारला, आणि प्रयोगशाळेतील वस्तू गोठ्याशेजारी आली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर शासनाची दृष्टी या विषयाकडे वळली. १९८१ साली केंद्रात अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग, १९८२ साली अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग, १९९२ साली त्याच नावाचे मंत्रालय, आणि २००६ साली नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, असा हा नामक्रम आहे. भाषेच्या अभ्यासकास तो बोलका वाटेल. ‘अतिरिक्त’ म्हणजे मूळ गरज भागल्यावर पाहावयाचे. ‘अपारंपरिक’ हा शब्द तर शेणाच्या बाबतीत विपरीतच म्हटला पाहिजे. कारण गोवरीइतके परंपरागत इंधन आपल्या खेड्यांत दुसरे कोणते? परंपरा कोळशाची व तेलाची मानली गेली, आणि शेण पाहुणे ठरले. खातेवहीत पाहुण्याचा पाट शेवटी मांडला जातो, हे सांगावयास नकोच.

युरोपातील लाटांच्या ऊर्जेची कथा याहून निराळी नाही. एडिंबरोच्या स्टीफन सॉल्टर यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९७६ साली ब्रिटिश सरकारने संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला आणि विजेचा अंदाजित खर्च फार येतो म्हणून १९८२ साली तो जवळजवळ गुंडाळला. अपुऱ्या शोधाकडून पुऱ्या झालेल्या यंत्राचा हिशेब मागितला गेला. भारतातही मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेने विळिंजम येथे १९९१ साली १५० किलोवॉटचे लाटांवरील संयंत्र उभारले. ते प्रायोगिकच राहिले. पुढे स्कॉटलंडने २०१४ साली लाटांच्या ऊर्जेसाठी स्वतंत्र संस्था काढून टप्प्याटप्प्याने, परंतु पूर्ण खर्च उचलून, संशोधनास द्रव्य देण्याची पद्धत स्वीकारली. यास तीन दशके जावी लागली.

आता आपल्या भागाकडे पाहू. भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे पूर्णाकाठचे गाव ज्या जालना जिल्ह्यात येते, तो जिल्हा १९८१ साली अस्तित्वात आला. राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्पाचा आरंभही १९८१–८२ चाच. राज्यात १९८५ साली महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण स्थापन झाले. या प्रकल्पात अनुदान मिळे ते संयंत्र बांधण्यास, आणि वार्षिक उद्दिष्ट ठरे ते संयंत्रांच्या संख्येत. परंतु केदारखेड्यासारख्या गावाचा प्रश्न संख्येचा नाही. समभाग पाणी हवे, तर १९७२ किंवा २०१२–१३ सारख्या दुष्काळात ते आणावयाचे कोठून? चारा नसला की जनावरे विकली जातात. जनावरे गेली की शेण गेले. लोखंडी टोपी गंजते, ते निराळेच.

यांपैकी ज्या प्रश्नाला संशोधनाने हात घातला तो सुटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९७८ चा ‘जनता’ व १९८४ चा ‘दीनबंधु’ या नमुन्यांत लोखंडी टोपीऐवजी पक्का घुमट आला. खर्च घटला, गंज टळला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने खरकट्या व पिष्टमय पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र सिद्ध करून शेणावाचूनही वायू मिळतो हे दाखविले. अल्प पाण्याच्या प्रदेशाचा प्रश्नही याच मार्गाने सुटावयाचा आहे. बांधकामाच्या अनुदानाने तो सुटणार नाही.

अनुदान अनावश्यक होते, असा याचा अर्थ नव्हे. त्यावाचून ज्ञान प्रयोगशाळेतच राहिले असते. तथापि बांधलेले संयंत्र का बंद पडले, याचा शोध घेण्यासही द्रव्य लागते, आणि तो खर्च संख्येच्या उद्दिष्टात मोजता येत नाही. तो वेगळा मांडला जाईल तेव्हाच ‘अतिरिक्त’ हा जुना शब्द आपल्या अंदाजपत्रकांतून खऱ्या अर्थाने गेला, असे म्हणता येईल.