शेजारचा उठला म्हणून

चंडीगडच्या सेक्टर १२ मधल्या पीजीआय रुग्णालयाचे नाव मराठी साहित्याच्या इतिहासात सहसा येत नाही. मला वाटते, ते यायला हवे. आणीबाणी लागताच २६ जून १९७५ रोजी जयप्रकाश नारायण यांना अटक झाली आणि जुलैपासून त्यांना इथे स्थानबद्ध ठेवले गेले. रोजनिशी लिहीत त्यांनी एकांतात दिवस काढले. १२ नोव्हेंबरला ते पॅरोलवर सुटले, तोवर मूत्रपिंडे निकामी होत आली होती. पुढचे उपचार मुंबईत जसलोकमध्ये झाले.

त्याच डिसेंबरात कऱ्हाडला ५१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले परराष्ट्रमंत्री. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, माणसे जपून बोलत होती. दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि मंडप उभा राहिला.

या प्रसंगाकडे पाहताना मला सॉलोमन अ‍ॅश आठवतो. १९५० च्या दशकात त्याने अमेरिकेत विद्यार्थ्यांना रेषांची लांबी ओळखायला सांगितली. खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही एकटा पडलेला विद्यार्थी सुमारे एकतृतीयांश वेळा त्यांच्यामागे गेला. पण खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी अशा चुका चौथाईवर आल्या.

अ‍ॅशच्या खोलीत तुरुंगाचे भय नव्हते, कऱ्हाडात होते. तरी गाठ तीच होती. घरोघरी माणसे मनातून अस्वस्थ होती, पण प्रत्येकाला वाटे, असे वाटणारा आपण एकटाच. दुर्गाबाईंनी त्यांना एकमेकांना दाखवून दिले.

उभे राहणाऱ्यांत काही जण केवळ शेजारचा उठला म्हणून उठले असतील. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ज्या दडपणाने माणूस गप्प बसतो, त्याच दडपणाने तो उठूही शकतो. फरक पडतो तो आधी कोण उठले यावर. आधी उठण्याची किंमत मात्र वाटून घेता येत नाही. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली, तेव्हा तुरुंगात जाताना मंडप त्यांच्याबरोबर नव्हता.